आवडाक्कांच्या टाचेवरची जखम

"...पण अभंग अर्धा टाकून, अक्का?" केरबाचा आवाज चढला होता. "फोन वाजला म्हणून देवालाही थांबवायचं?"

आवडाक्कांनी गोळी जिभेवर ठेवली, वर घोटभर पाणी घेतलं.

"देव थांबतो रे. साखर थांबत नाही."

नदीकाठच्या त्या लहानशा मठात अक्कांचा शब्द अखेरचा. केरबा त्यांचा जुना शिष्य. एके काळी तालमीतला उस्ताद. रक्तदाब वाढलाय म्हणून सरकारी दवाखान्यातल्या शबाना सिस्टरनं त्याच्याही फोनवर गोळीची आठवण लावून दिली होती. त्यानं ती त्याच दिवशी बंद करून टाकली. ज्या अंगानं भले भले मल्ल लोळवले, त्याला हे एवढंसं यंत्र शिकवणार?

कालच मठाची पायरी चढताना त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आली होती. भिंत धरून उभा राहिला. कुणापाशी बोलला नाही.

"इकडं ये," अक्कांनी पाय पुढं केले. "तळव्यांचा फोटो काढ. सिस्टरला पाठवायचाय. मला वाकून दिसत नाही, आणि पायांना काही कळत नाही."

केरबा खाली बसला. फोन जवळ नेला, आणि तसाच थबकला.

डाव्या टाचेच्या कडेला जखम होती. लालभडक. ओली.

"अक्का, हे... दुखत नाही?"

"दुखलं असतं तर तुला बघायला लावलं असतं का?"

"कधीपासून आहे?"

"तुलाच विचारायला हवं. रोज सकाळी याच पायांवर डोकं ठेवतोस."

"डोळे मिटून ठेवतो, अक्का..."

"हं."

फोटो गेला. थोड्याच वेळात सिस्टरचा फोन आला. अक्कांना अनवाणी चालू देऊ नका, जखम कोरडी ठेवा, उद्याच डॉक्टरांकडं घेऊन या.

"आणतो," केरबा म्हणाला.

"आणि केरबाकाका, तुमची गोळी चालू आहे ना?"

त्यानं गडबडीनं फोन ठेवून दिला.

अक्का त्याच्याकडं बघत होत्या.

"काल पायरीवर भिंत धरलीस."

केरबाची मान खाली गेली.

"माझं काय घेऊन बसलात, अक्का. हा देह कधीच तुमच्या पायी वाहिलाय. त्याची काळजी आता मी कशाला करू?"

"वाहिलास? मनापासून?"

"आईशपथ."

अक्कांनी हात लांब करून त्याच्या छातीवर तळवा टेकवला. आत धडधड चालली होती.

"मग माझ्या वस्तूची हयगय तू कुणाला विचारून करतोस?"