थोरल्या महाराजांचं नाक

देवकुंड संस्थानात एका सकाळी राजवाड्याच्या बागेतल्या थोरल्या महाराजांच्या संगमरवरी पुतळ्याचं नाक गोळीनं उडालं. गुन्हा भयंकर होता! थोरले महाराज म्हणजे गादीवरच्या धैर्यशील महाराजांचे वडील. हयातीत त्यांच्या नाकावर माशीसुद्धा बसायला धजत नसे.

दिवाणांनी तासाभरात तपास पुरा केला.

"महाराज, सकाळी बागेत दोनच बंदुका वाजल्या. एक आपली. आपण नेहमीप्रमाणे निशाणावर दहा गोळ्या झाडल्यात, आणि निशाणाच्या कागदावर दहा भोकं आहेत, आठ मधोमध आणि दोन कडेला. दुसरी या लिंबाजीची. पलीकडं सिनेमाचं शूटिंग चाललंय, त्यात तो शिपाई झालाय. गुन्हेगार लिंबाजी!"

"माझ्या बंदुकीत नुसती दारू ठासली होती, महाराज," लिंबाजी हात जोडून म्हणाला. "गोळी नव्हतीच."

सिनेमाचे दिग्दर्शक पुढं आले. "कॅमेरा चालू होता, महाराज. नाक आधी पडलं, यांनी बार नंतर काढला. फिल्ममध्ये सगळं दिसेल."

"मग दाखवा!"

"धुवायला पुण्याला पाठवावी लागेल. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवस माझ्या वडिलांनी न्यायाची वाट बघायची? लिंबाजीला सहा वर्षं तुरुंग!"

"माझ्या बाचा काही दोष नाही, महाराज!"

ही लिंबाजीची मुलगी, सगुणा. महाराजांच्या निशाणामागच्या खंदकात बसायचं आणि गोळी लागली की पांढरा बावटा वर करायचा, ही लिंबाजीची रोजची नोकरी. आज बाप सिनेमात गेला म्हणून त्याच्या जागी ती बसली होती.

"मग दोष कुणाचा?" महाराज म्हणाले. "सूर्य मावळायच्या आत गुन्हेगार दाखव, बापाला सोडतो. पण ध्यानात ठेव, माझा नेम चुकला असं जो म्हणेल, तोही तुरुंगात जाईल!"

सगुणा गेली ती थेट ऊन उतरताना परतली. हातात चाळण, अंगभर माती.

"निशाणामागचा ढिगारा चाळला, महाराज. कडेकडेनं नऊ गोळ्या मिळाल्या."

"आणि दहावी?"

"पुतळ्यामागच्या आंब्याच्या खोडात. दहाही एकाच मापाच्या. सिनेमाच्या बंदुकीत त्या शिरत नाहीत. दिवाणसाहेबांनी एक घालून बघावी."

दिवाणांनी घालून बघितली. शिरली नाही.

"तुला म्हणायचंय काय?" महाराजांचा आवाज खाली आला.

"काहीच नाही! महाराजांचा नेम चुकत नाही, हे अख्ख्या संस्थानाला ठाऊक आहे. मी फक्त विचारते. दहाव्या गोळीच्या वेळी महाराजांनी नेम कशावर धरला होता?"

नाकावर धरला म्हणावं, तर गुन्हेगार सिंहासनावरच बसला होता. निशाणावर म्हणावं, तर... दिवाण छताची नक्षी बघू लागले.

"निशाणावर," महाराज शेवटी म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "चुकला."

"हे मी म्हटलं नाही हं, महाराज!"

"नाही. मीच म्हटलं. पण पोरी, मग कागदावर दहावं भोक कुठून आलं?"

सगुणानं कमरेचं मोठं दाभण काढून पुढं ठेवलं. "दहाही याचीच. बार झाला की टोचायचं आणि बावटा दाखवायचा. बा बारा वर्षं हेच करतोय. दिवाणसाहेबांचा हुकूम आहे."

दिवाणांची छताची नक्षी अजून बघून व्हायची होती.

"बारा वर्षं!" महाराज म्हणाले. "मग दोन भोकं कडेला का टोचलीस?"

"बा म्हणतो, सगळी मधोमध टोचली तर महाराज सराव सोडतील."

महाराजांनी दाभण उचलून उजेडात धरलं. "आणि मी समोरून गोळ्या झाडत असताना तुम्हाला तिथं बसायची भीती नाही वाटत?"

"निशाणामागं कसली भीती, महाराज? अख्ख्या बागेत गोळी येत नाही अशी तेवढीच एक जागा आहे!"

महाराज असे हसले, असे हसले, की पगडी घरंगळून दिवाणांच्या पायाशी गेली. लिंबाजी तिथल्या तिथं सुटला. सगुणाला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या आणि खंदकातली नोकरीही तिच्या नावावर झाली.

"दाभण मात्र माझ्याकडं राहील," महाराज म्हणाले. "आणि दिवाणजी, पुतळ्याला नवं नाक बसेपर्यंत रोज सकाळी त्याच्या शेजारी तुम्ही उभे राहा. उद्यापासून माझा सराव सुरू!"