हळदीची वाटी

“दुखतंय कुठं, हाच पहिला प्रश्न ना, अम्मा? मग माझं चुकलं काय?”

अभिनंदन पुण्याहून मानसशास्त्राची पदवी घेऊन आला होता. मान वाकायला वेळ लागणारच.



सांगलीत बाजारामागच्या शेवंताअम्मांच्या खोलीत, लोकांची बोलणी खाऊन खाऊन स्वतःच्या अंगाशीच अबोला धरलेली माणसं येत, आणि अम्मा तो अबोला सोडवायला मदत करत. घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवलेल्या अम्मांनी तो अबोला तिशीपर्यंत भोगला होता. अभिनंदन दोन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकत होता. आजचं काम जमलं, तर सोमवारपासून तो एकटा लोकांसमोर बसणार होता.

आणि नेमका आज समोर संग्राम होता. बावीस वर्षांचा, मुलगी म्हणून वाढवलेला मुलगा. अभिनंदननं त्याला माणसाची आकृती काढलेला कागद आणि लाल पेन्सिल दिली होती. दुखेल तिथं खूण कर, म्हणाला होता.

संग्रामनं जवळजवळ सगळा माणूस लाल केला. आता तो खांदे पाडून बसला होता.

बाहेर कुणाच्या तरी वरातीचा बँजो वाजत होता.

अम्मा उठल्या. वाटीत हळद कालवून आणली आणि संग्रामपुढं ठेवली.

“बरं वाटतं तिथं लाव. कागदावर नको.”

“कुठंच नाही वाटत.”

“बरं.”

अम्मा बसून राहिल्या. त्यांना कसली घाई नव्हती.

...

संग्रामनं बोट बुडवलं, हात मागं नेला आणि मानेवर, केसांच्या खाली, हळद लावली.

“परवा कटिंगला गेलो. न्हावी म्हणाला, भाऊ, मागं किती बारीक करू?” तो हसायला लागला. “भाऊ म्हणाला, अम्मा.”

“मग आज तिथंच बसू आपण.”

अभिनंदनला राहवेना. “आणि हे एवढं लाल?”

अम्मांनी वाटी त्याच्यापुढं सरकवली. “आता तू.”

आपल्या जखमा त्याला तोंडपाठ होत्या. पुरुषावर प्रेम करतो म्हणून घरातल्या तीन लग्नांत त्याला कुणी हळदीला बोलावलं नव्हतं, हे तो न अडखळता सांगू शकत असे. पण आता हळदीचं बोट हवेतच राहिलं. छाती नाही. कपाळ नाही.

...

त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“दादा,” संग्राम हळूच म्हणाला, “तुमची टाच मघापासून ठेका धरतीय.”

अभिनंदननं खाली पाहिलं. खरंच की. बाहेरच्या बँजोवर टाच आपली खुशाल नाचत होती, मालकाला न विचारता.

“हात लावू का?” अम्मांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्या न विचारता कुणाच्या अंगाला शिवल्या नव्हत्या.

त्यानं मान डोलावली. अम्मांनी दोन्ही टाचांना भरपूर हळद फासली. त्याला गुदगुल्या झाल्या. तो हसला, मग डोळे भरले, मग पुन्हा हसला. संग्रामही हसत होता. कागद कुणाच्या तरी पायाखाली गेला होता.

डोळे पुसून अभिनंदननं विचारलं, “अम्मा, मग सोमवारपासून बसू ना मी?”

अम्मा खिडकीतून बाहेर पाहत होत्या.

“वरात कोपऱ्यावर आली बघ. आधी नाचून ये.”