‘फॉरेस्ट’चा अर्थ

“…आणि ‘फॉरेस्ट’ म्हणजे काय?”

रैनू हिचामींनी पुस्तकावर बोट ठेवून विचारलं. पुस्तकाचं इंग्रजी नाव आत्ताच शैलेशने त्यांना वाचून दाखवलं होतं.

तीन वर्षं शैलेश घाटोळे या म्हाताऱ्याच्या मागे मागे रानात हिंडला होता. रैनूबाबा झाडाजवळ थांबायचे, नाव सांगायचे, साल कशाला चालते ते सांगायचे. हा वहीत उतरवून घ्यायचा. त्या वहीचा आधी अहवाल झाला, मग डॉक्टरेट, आणि आता हे पुस्तक.

अहवाल वाचणाऱ्यांना कळलं, की इतकी दुर्मीळ झाडं दुसरीकडे कुठे नाहीत. वरून हुकूम आला. रानाला तारेचं कुंपण पडलं आणि आतलं गाव उठवून सडकेच्या कडेला, पत्र्याच्या घरांत आणून ठेवलं.

त्यातल्याच एका घरी शैलेश आशीर्वाद मागायला आला होता.

शब्दाचा विषय निघाला तसा तो खुलला. शब्द इंग्रजी, पण मूळ लॅटिन, त्याने समजावलं. राजे लोक शिकारीसाठी रान राखून ठेवत. तिथे बाकीच्यांना मज्जाव असे. त्या रानाचं नाव ‘फोरिस’वरून पडलं, असं विद्वान मानतात.

“फोरिस म्हणजे?”

“बाहेर, बाबा. दाराच्या बाहेर.”

म्हातारा तारेपलीकडे बघत राहिला.

“बाहेर… कोण?”

शैलेशने पुस्तक बाजूला सारलं.

मग त्याने पिशवीतून एक पान काढलं. गेल्या आठवड्यात कुंपणाच्या आत, नाल्याकाठी मिळालं होतं. एवढं एकच झाड कोणाला ओळखू येत नव्हतं. नागपूरच्या दोन प्राध्यापकांनी हात टेकले होते.

रैनूबाबांनी पान बोटांत चुरगळून हुंगलं. त्यांचे डोळे क्षणभर मिटले.

“ओळखलंत?”

“ओळखलं.”

शैलेशने घाईने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

“मग… नाव?”

म्हाताऱ्याने पान तोंडात टाकलं. सावकाश चावलं. कडू असावं; गळ्याची शीर ताणली गेली. तरी गिळलं.

“बाबा, नाव…”

“हे एक राहू दे आमच्याकडे.”