राजकन्येचा घास खातं कोण?

एका गावाला राजा होता. गाव एवढंसं, पण राजा तो राजाच, बरं का. नंदू, पाय आखडून घे, मी बसू कुठं? हं. तर त्याची मुलगी रत्नू. तिला काही वेगळी शाळा नव्हती. गावातल्या पोरांबरोबरच पंतोजींकडे जायची.

रत्नू खायची भरपूर. पण हातापायाच्या नुसत्या काड्या आणि पोटाचा नगारा. पंतोजी पाढा सांगायचे, ही पेंगायची. राजा वैतागला. म्हणाला, "पाडव्यापर्यंत बेचा पाढा आला नाही, तर शाळा बंद." रत्नू रडरड रडली. शाळा फार आवडायची हो तिला.

मग राणीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. काही फरक नाही. मग शिरा झाला, खीर झाली, वर तुपाची धार. पोर तशीच. राजा चक्रावला. एवढं जातं तरी कुठं? ताटाखाली बघितलं, पाटाखाली बघितलं, प्रधानालाही वाकायला लावलं. मला विचाराल तर दोघंही वेडे.

मग वैदीणबाई आली. तिनं रत्नूच्या पोटाला कान लावला. आतून आवाज आला, "अजून वाढा." राजा वाढायला डाव घेऊन धावला.

"जंत आहेत," वैदीण म्हणाली. "हिच्या जेवणावर तेच जगतात."

तिनं एक गोळी दिली, चावून खायची. रत्नू टुणटुणीत झाली. बे चोक आठपर्यंत गेली की. पण दोन महिन्यांनी पुन्हा पेंगायला लागली. आता मात्र राजाचं डोकंच चालेना. गोळी खाल्ली ती गेली कुठं? त्यानं रत्नूच्या दाराशी शिपाई बसवले. जंत काय दारातून येतात?

मग वैदीण दुपारी शाळेत गेली. तिथं पोरांची एक रीत होती. सगळ्यांच्या भाकऱ्या, भात, ताक एका पातेल्यात कालवायचं आणि सगळ्यांनी मिळून तो काला खायचा. आणि हात? मातीत खेळलेले, तस्से.

वैदीण परत येऊन म्हणाली, "महाराज, मातीच्या हातांतून जंतांची अंडी काल्यात जातात. काला सगळ्यांचा आणि गोळी एकटीला. कसं व्हायचं?"

राजा म्हणाला, "मग हिचा डबा वेगळा करू."

रत्नू म्हणाली, "आबा, मी वेगळी नाही जेवणार. ती गुराख्याची पारू माझ्याहून जास्त पेंगते. तिला कोण देणार गोळी?"

राजानं वैदिणीला गोळ्यांची टोपलीच आणायला सांगितली. मग एकाच दिवशी सगळ्या पोरांना गोळी दिली. शाळेच्या दाराशी पाण्याचा रांजण ठेवला. हात धुतल्याशिवाय काल्याला शिवायचं नाही.

पाडवा आला. रत्नूनं बेचा पाढा एका दमात म्हटला. राजा हसला, उठायला लागला, तोच मागून पारू उभी राहिली. तिनं तिनाचा म्हटला, चाराचा म्हटला, थांबेचना.

राजानं विचारलं, "ही कोण?"

पंतोजी मान खाली घालून म्हणाले, "मागं झोपायची, महाराज. मला वाटायचं, मठ्ठच आहे."

मग काय, पारू-रत्नू पाढे म्हणत, काला खात मजेत राहिल्या. चला, डोळे मिटा. आणि नंदू, शाळेतली गोळी तू दप्तरात लपवलीयस, कळलंय मला. उद्या बाईंसमोर चावून खायची. झोप आता.