पडद्यावरची म्हैस

कृष्णाकाठच्या एका गावात एक भोळा राखणदार होता. नाव शिदू. भोळा हे लोक तोंडावर म्हणायचे. पाठीमागचा शब्द सांगत नाही.

तो सोसायटीचं गोदाम राखायचा. आत साऱ्या गावाचं हळदीचं बेणं होतं. ते गेलं तर यंदा लागवडच नाही. म्हणून चेअरमन बाळगोंडा अण्णांनी वर्गणी काढून फाटकावर नवा कॅमेरा बसवला. समोर जे येईल त्याभोवती तो पडद्यावर चौकट काढायचा आणि खाली नाव लिहायचा: माणूस, म्हैस, ट्रॅक्टर. शिदूला वाचता येत होतं, हेच वाईट झालं.

अण्णांनी बजावलं, "पडद्यावर येईल तेच खरं. तुझं डोकं चालवायचं न्हाई."

"कधीच चालवलं न्हाई, अण्णा."

पहिल्या दिवशी कुंपणापलीकडच्या बुजगावण्याभोवती चौकट आली. खाली 'माणूस'. शिदू वही घेऊन गेला. "नाव सांगा. काम काय?" दुपारपर्यंत विचारत राहिला. अण्णांनी कपाळावर हात मारला.

"गाढवा, जो हलत न्हाई, बोलत न्हाई, त्याला काय इचारतोस? उचल आणि अडगळीत टाक!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी अण्णांचे सासरे आले. उन्हातून चालून दमले होते. फाटकाजवळच्या बाकावर बसल्या बसल्या झोपले. हलत नव्हते, बोलत नव्हते. शिदूनं त्यांना उचललं आणि अडगळीत टाकलं, बुजगावण्याच्या अंगावर.

अण्णा तडकले. "पाहुणा हाय त्यो! दारात आलेल्याला हात जोडावं, आत न्यावं, च्या पाजावा!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी दारात म्हैस आली. शिदूनं हात जोडले, तिला गोदामात नेलं, बादलीभर चहा पुढं केला. ती चहा प्यायली आणि बेण्याची दोन पोती तुडवून गेली.

"अरं, पडद्यावर म्हैस आली की खुंट्याला बांधावी, म्होरं वैरण टाकावी!"

"आन् पाहुणा आला तर?"

"पाहुण्याला च्या!"

"बरं."

चौथ्या दिवशी गाव बाजाराला गेलं. दोन अनोळखी माणसं टेम्पो घेऊन आली. हलत होती, बोलतही होती. शिदूनं हात जोडले, गोदाम उघडलं, चहा पाजला. त्यांनी पोती भरायला घेतली. पाहुण्यांनी ओझं उचलावं हे शिदूला बरं वाटेना. निम्मी पोती त्यानंच चढवली.

तेवढ्यात अण्णा बाजारातून परतले. खांद्यावर नवं काळं घोंगडं होतं. टेम्पो बघून ते धावत सुटले, फाटकातल्या चिखलात घसरले, चारी हातपायांवर आले आणि घोंगडं डोक्यावर पडलं. पडद्यावर चौकट आली. 'म्हैस'.

शिदू दावं घेऊन आला.

"सोड! मी हाय, अण्णा!"

"वळखलं की, अण्णा. पर पडद्यावर म्हैस आलीया."

त्यानं अण्णांना कॅमेऱ्यासमोरच्या खुंट्याला बांधलं, पुढं कडबा टाकला आणि टेम्पोला फाटक उघडून दिलं. "या पुन्यांदा, पाहुणं."

संध्याकाळी गावकरी बेणं न्यायला आले. गोदाम रिकामं. खुंट्याला अण्णा, घोंगड्यातून ओरडत होते. लोक थबकले. पण वर्गणी साऱ्यांनीच दिली होती. म्हणून अण्णांना सोडायच्या आधी सगळे पडदा बघायला आत गेले.

बाहेर आल्यावर एकानं शिदूला हळूच विचारलं, "दूध किती देती?"