खडकमाळच्या बारवेच्या पायऱ्या

तुम्ही आत्ता अठ्ठेचाळीस पायऱ्या चढून वर आलात, आणि एकालाही धाप लागलेली नाही. बाहेरून येणारी माणसं आमच्या बारवेतले कोरीव कोनाडे बघतात, चुन्याशिवाय बसवलेले दगड बघून नवल करतात. पायऱ्यांबद्दल कुणी विचारत नाही. जी पायरी त्रास देत नाही तिच्याकडे लक्ष कशाला जाईल? पण आमच्या गावात बारवेची म्हणून जी गोष्ट सांगतात, ती पायऱ्यांचीच. बसा या ओट्यावर.

किती पिढ्यांपूर्वीचं, ते नक्की ठाऊक नाही. गाव तेव्हा हैबती नाईकांकडे होतं. त्यांनी वडिलांच्या नावानं बारव बांधायला काढली आणि लांबून लिंबाजी पाथरवटाला आणलं. लिंबाजीचा हात असा, की त्यानं बसवलेल्या दोन दगडांच्या सांध्यात सुई जायची नाही. तीन वर्षं तो खपला. बारवेच्या तोंडाशी त्यानं दगडी कमान उभारली, तिच्यावर नाईकांच्या वडिलांचं नाव कोरलं. कमानीतून खाली पाण्यापर्यंत चोवीस पायऱ्या. एकेक पायरी वीतभर आणि वर चार बोटं उंच. वरून बघणाऱ्याचा श्वास अडकावा, असा तो उतार दिसायचा म्हणे.

पाणी सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. कोष्ट्याची सून सुंद्रा सकाळी भरली घागर घेऊन वर येत होती. तिला सहावा महिना होता. वरच्या सहा-सात पायऱ्या उरल्या असताना तिचा पाय पुरता टेकला नाही आणि ती खालपर्यंत गेली. लिंबाजी तिथंच कोनाड्यातलं शेवटचं फूल कोरत बसला होता. त्यानंच तिला उचलून बाजेवर घातलं. मांडीचं हाड मोडलं होतं. पोटातलं मूल गेलं.

गाव म्हणालं, नवं पाणी बळी मागतंच. नाईकांनी शांतीसाठी बोकड द्यायचं ठरवलं. लिंबाजी तेवढं ऐकून म्हणाला, "पाण्यानं काय केलं? पायरी मी बसवलीय."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं छिन्नी ठेवून दिली आणि कोष्ट्याच्या घरी पाणी भरायला लागला. रोज आठ खेपा, डोक्यावरून. पुरुषमाणूस डोक्यावर घागर घेतो म्हणून लोक हसत. सुंद्राची सासू नुसतं "ठेव तिथं" म्हणायची. असे चाळीस दिवस गेले असं सांगतात. त्याचे गुडघे सुजले, मान आखडली. चाळिसाव्या दिवशी घागर ठेवून तो सुंद्राच्या बाजेपाशी खाली बसला.

"बाई, पायरी उंच झाली."

सुंद्रा कोपरावर रेलून जरा उठली. मग म्हणाली, "दादा, ते आम्हा बायांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. विचारलं कोणी?"

लिंबाजी तिथून उठला तो थेट नाईकांकडे गेला. पायऱ्या उपटून बसक्या करायला हव्यात, म्हणाला. पायरी बसकी केली की जिना लांबतो, आणि लांबवायचा तर मागची जागा खणायला हवी. तिथं कमान होती.

"माझ्या बापाचं नाव आहे त्या कमानीवर," नाईक म्हणाले. "अरे, शेकडो वर्षं टिकेल म्हणून तूच सांगितलं होतंस ना?"

"टिकेल की. बायापण शेकडो वर्षं पडत राहतील," लिंबाजी म्हणाला. "नाईक, एकदा भरली घागर घेऊन चढून या. मग म्हणाल तसं करतो."

गावादेखत आव्हान दिल्यासारखं झालं. नाईकांनी पागोटं काढून ठेवलं, खाली उतरले आणि घागर डोक्यावर घेतली. चांगले धिप्पाड गडी होते. दहा पायऱ्या झपाझप चढले. मग एकेका पायरीवर थांबायला लागले. सुंद्रा पडली त्या पायरीवर त्यांनी घागर खाली ठेवली आणि तिथंच बसून राहिले. कुणी हसलं नाही. तिथूनच ते म्हणाले, "पाडा कमान."

नवी पायरी किती उंच ठेवायची, हे लिंबाजीनं आपल्या मनानं ठरवलं नाही. सुंद्रा काठी टेकत चालायला लागेपर्यंत तो थांबला. मग त्यानं पातळ फरशा एकावर एक रचल्या आणि तिला म्हणाला, "काठोकाठ भरलेला तांब्या घे आणि चढ." ती चढली. त्यानं आणखी एक फरशी चढवली. असं करत करत ज्या उंचीला तांब्यातलं पाणी सांडलं, तिथं तो थांबला आणि त्याखाली एक बोट उतरला. आठ बोटं उंची भरली, आधीच्या पायरीच्या निम्मी. त्या मापानं अठ्ठेचाळीस पायऱ्या झाल्या. कमानीचेच दगड घडवून त्यांत बसवले. नावाचा दगड कुठल्या पायरीत गेला, ते नाईकांनी कधी विचारलं नाही, म्हणे.

पुढं सुंद्राला दोन मुली झाल्या. पायात थोडा लंगडेपणा राहिला, पण म्हातारपणापर्यंत तीच या बारवेतून आपलं पाणी नेत होती. लिंबाजी इथंच राहिला. कुणी घर बांधायला काढलं, की तो आधी घरातल्या बाईला हाक मारायचा.

आजही आमच्याकडे घराची पायरी पक्की करण्याआधी घरातली सर्वांत म्हातारी किंवा पोटुशी बाई हातात भरला तांब्या घेऊन तिच्यावर चढते. दोन वर्षांपूर्वी गावात दवाखाना बांधला. कंत्राटदार नवा होता. नकाशात उंची दिलीय, तीच ठेवणार, म्हणाला. आमची रखमा आत्या अठ्ठ्याऐंशीची. तिनं वाद घातला नाही. तांब्या घेतला, पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पाणी हिंदकळलं, ओघळ त्याच्या बुटापर्यंत गेला. त्यानं बूट मागं घेतला. मग गवंड्याला म्हणाला, "काढा ती. दोन बोटं खाली घ्या."