इतकुशा गाठीची ओढ

"म्हणजे गाठ सावकाश वाढणार की झपाट्यानं, हे नुसत्या चित्रावरून कळतं?" भन्ते शीलरत्नांनी विचारलं.

"मला कळतं," विशाखा म्हणाली.

वैनगंगेकाठच्या त्या छोट्या विहारात ती लहानपणी भन्त्यांकडे ध्यान शिकली होती. आता नागपुरात डॉक्टर होती. सीटी स्कॅन बघून फुप्फुसातल्या कर्करोगाचा स्वभाव ओळखण्यात तिचं नाव होतं. भन्त्यांचा खोकला हटेना म्हणून काढलेला स्कॅन नेमका तिच्यापुढे आला, आणि कित्येक वर्षांनी ती विहाराची पायरी चढली.

तिनं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"हा भोवतालचा भाग धूसर आहे. नुसता एवढाच असता तर थांबून पाहिलं असतं. पण मध्ये घट्ट गाभा आहे. कडेला काटे फुटलेत. आणि इथं... फुप्फुसावरचं आवरण बघा. गाठीनं ते स्वतःकडे ओढून घेतलंय."

भन्ते पुढे वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"इतकुशी," ते म्हणाले, "आणि एवढी ओढ..."

विशाखानं फिल्म गुंडाळली.

"ही आक्रमक आहे, भन्ते. पण वेळेत सापडलीय. शस्त्रक्रिया केली तर निघेल. लहान तुकडा काढून मात्र भागणार नाही, फुप्फुसाचा एक अख्खा खंड जाईल. आता तुम्ही म्हणाल, देह काय, आज ना उद्या..."

"कधी निघायचं?"

वाटभर तिनं समजावणीची वाक्यं जुळवली होती. ती सगळी तोंडातच राहिली.

शस्त्रक्रिया झाली. गाठीचा अहवाल हातात पडताच विशाखा तडक वॉर्डात गेली. भन्ते उशांना टेकून बसले होते. श्वास तोकडा झाला होता.

"आक्रमकच निघाली!" ती म्हणाली. "अगदी मी सांगितलं तशीच. पण पुरती काढलीय. कुठं पसरलेली नाही."

"तुझा अंदाज चुकत नाही?"

"क्वचित."

भन्ते हसले. मग श्वास गोळा करत म्हणाले, "नागपूरला शिकायला निघालीस, तेव्हा म्हणाली होतीस... येत्या पावसाळ्यात वर्षावासाला येते, ध्यानाला बसायला."

विशाखाची मान खाली गेली.

"दर पावसाळ्यात तुझं आसन घालायचो. खांबाजवळ... संध्याकाळी उचलून ठेवायचो."

तो खांब तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पाठीला लागणारा त्याचा गारवासुद्धा. ड्यूटी संपवून खोलीवर परतताना कितीदा तरी तिला तिथं जाऊन बसावंसं वाटलं होतं. पण आपली जागा तिथं कुणी राखून ठेवली असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

"भन्ते..." ती म्हणाली. "वाट पाहणं हीसुद्धा तृष्णाच, असं तुम्हीच तर शिकवलंत."

"शिकवलं."

त्यांनी खाटेजवळच्या स्टुलाकडे हात केला. ती बसली.

भन्ते खिडकीबाहेर पाहत होते...

"मला जमलं नाही."